पलंगाखालची ओल

नमस्कार काका,

आम्ही नेरुळला राहतो, खाडीच्या बाजूला. माझे मिस्टर महापे एमआयडीसीत नोकरीला होते, आता निवृत्त आहेत. २०१४ साली त्यांनी फेब्रुवारी २००९ची एक डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर सेकंडहँड घेतली. मागच्या सीट काढून, दोन वर्षं शनिवार-रविवार खपून तिची कॅम्पर व्हॅन केली. दोन पलंग, छोटा ओटा, गॅस, पाण्याची टाकी, जादा बॅटरी, टपाला पंखा. त्या गाडीतून आम्ही हंपीला गेलो, गुहागरला गेलो, भंडारदऱ्याला तर कितीदा. गाडीची किंमत सोडून आजवर सहा लाख तरी घातले असतील. पासिंग २०२९ पर्यंत करून घेतलं आहे.

आता गाडी काळा धूर सोडते, चढाला ओढत नाही. गॅरेजवाल्याचं एस्टिमेट असं: हाफ इंजिन (पिस्टन-रिंगांचा खालचा भाग) १,१०,०००, क्लच २२,०००, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा)-बुश-ब्रेक ३८,०००, डेंटिंग-पेंटिंग १,२५,०००, आतलं लाकूडकाम आणि वायरिंग ५०,०००. एकूण ३,४५,०००. दुसरीकडे एकाने गाडी आहे तशी १,४०,०००ला मागितली आहे. हे म्हणतात, इतके घातले तसे आणखी घालू, नव्यासारखी होईल. मुलगा म्हणतो, भंगारात द्या आणि लागेल तेव्हा भाड्याची घ्या. गेल्या दोन वर्षांत आम्ही गाडीत मोजून अकरा रात्री झोपलो. पण हे रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडीत बसतात, रेडिओ लावतात. दोघांच्या मध्ये मी अडकले आहे. काय करू?

ता. क. पावसाळ्यात मागच्या पलंगाखालचा गालिचा ओला होतो. आम्ही वर्तमानपत्रं पसरतो आणि बदलत राहतो.

एक वाचक, नेरुळ

—

ताई, पहिल्यांदा पत्र वाचलं तेव्हा मीही आकड्यांतच अडकलो. दुसऱ्यांदा वाचताना ता. क.वर नजर गेली आणि तिथून हलेना. साडेतीन लाखांचं एस्टिमेट क्षणभर बाजूला ठेवा. तुमच्या गाडीचं पुढे काय व्हायचं ते त्या ओल्या गालिच्याखाली ठरतंय, आणि एस्टिमेटमध्ये त्याला एक रुपयाही लावलेला नाही.

कारण सांगतो. पलंग, ओटा, टाकी कशाला तरी घट्ट बसवावी लागते. घरी केलेल्या कॅम्परमध्ये बहुतेक वेळा फ्लोअरच्या पत्र्याला आरपार भोक पाडून बोल्ट टाकतात. ड्रिल जिथून जातं तिथला रंग आणि प्रायमर दोन्ही उडतात आणि भोकाची कड उघडी पडते. तिच्यावर प्लायवूड, त्यावर गालिचा. प्लाय एकदा भिजला की पावसाळ्यात वाळायचं नाव घेत नाही आणि पत्र्याला चिकटून बसतो. त्यात तुम्ही खाडीकाठी. खाऱ्या ओलीत लोखंड साध्या पाण्यापेक्षा फार लवकर गंजतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की जोड फुगवतो, फाकवतो, आणि त्या फटीत आणखी पाणी शिरतं. वर्षाला पाच-सहा रात्री हलणारी गाडी उरलेला सगळा पावसाळा एका जागी ओली उभी असते. वागळे इस्टेटमध्ये गॅरेज चालवताना पस्तीस पावसाळे मी हे बघितलंय: रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर सडते.

ओल फक्त पावसाळ्यात येते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे टाकीवरचा संशय बराचसा फिटला. टाकी गळत असती तर मे महिन्यात भरल्यावरही गालिचा भिजला असता. आता आठवून बघा. गाडी जागेवरून हललीच नाही आणि तरी कागद भिजले, तर पाणी वरून येतंय, पंख्यासाठी टप कापला तिथून किंवा खिडकीच्या रबरातून. पावसात चालवून आणल्यावरच भिजले असतील, तर मागच्या चाकाने उडवलेलं पाणी खालून, बोल्टच्या भोकांतून वर चढतंय. या दुसऱ्या प्रकाराची मला जास्त धास्ती वाटते, कारण मागच्या पाट्यांचे हँगर, म्हणजे पाटे गाडीला अडकवणारे कंस, त्याच भागात असतात. गाडीचं आणि तुमचं दोघांचं वजन त्या हँगरवर तोललेलं असतं.

ट्रॅव्हलरला ट्रकसारखी वेगळी, नटबोल्ट सोडून काढता येणारी चासी नसते. खालचे पोकळ बीम आणि वरचा पत्रा वेल्डिंगने एकजीव केलेले असतात. इंजिन उतरवून दुसरं बसवता येतं. गिअरबॉक्स बदलता येतो. या गाडीचं मूळ डिझाइन मर्सिडीजच्या व्हॅनचं, १९८७पासून ती आपल्याकडे बनते आहे, आणि आजही रस्त्यावर इतक्या ट्रॅव्हलर धावतात की सुट्ट्या भागांसाठी तुम्हाला वणवण करावी लागणार नाही. बीम आतून खाल्ला गेला असेल, तर मात्र दुकानात मागायला काही उरत नाही.

म्हणून पहिला खर्च तपासणीचा, दोन-चार हजारांचा. पिट (गाडीखाली उतरायचा खड्डा) किंवा रॅम्प असलेलं गॅरेज गाठा. तुर्भे, रबाळे, वागळे, कुठेही मिळेल. ज्याने एस्टिमेट दिलं त्याच्याकडे मात्र नको. तो खोटं बोलेल असं मी म्हणत नाही, पण ज्याला काम मिळणार त्यालाच कामाची गरज विचारू नये. आधी सांगून ठेवा: फक्त तपासायचंय, तपासण्याचे पैसे देणार, काम इथे करायचं की नाही ते नंतर.

जाण्याआधी मागचा पलंग, गालिचा आणि त्याखालचा प्लाय काढून टाका. गाडी पिटवर गेली की पाना घेऊन बीमवर वीतभर अंतराने ठोकत जायचं. धडधाकट बीम टण् वाजतो आणि पाना हातात उसळतो. खाल्लेला बीम थप्प वाजतो आणि मनगटावर तपकिरी भुगा पडतो. थप्प वाजेल तिथे जाड स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून तळहाताने दाबायचं. हातोडी मारायची गरज नाही. पत्रा जिवंत असेल तर टोक घसरतं, मेलेला असेल तर पुठ्ठ्यात शिरावं तसं आत जातं. खाली काळं, डांबरासारखं कोटिंग मारलेलं असेल तर त्याच्या चकचकीतपणावर जाऊ नका. गंज न खरवडता वरून मारलेलं कोटिंग ओल आत कोंडून ठेवतं, त्यामुळे ते जिथे फुगलंय तिथे आधी टोचायचं.

बाजूच्या दाराची पायरी, चाकाची कमान, फ्लोअरचा हातभर तुकडा सडला असेल तर हरकत नाही, कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो. हँगरच्या आसपासची वीतभर जागा किंवा बीम मऊ लागला, तर थांबायचं. तिथे कुणी म्हणेल, ‘पट्टी मारून देतो, चालेल दहा वर्षं.’ पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. आर्क लागली की पत्रा जळून भोक मोठं होतं, आणि बाहेरून पट्टी दिसते तेवढीच.

हे मी इतकं बजावून सांगतोय त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझ्याकडे एक जुनी जीप होती. २००३ साली मी तिचं इंजिन स्वतःच्या हाताने पूर्ण उघडलं, बोअर करून घेतला, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या. चासी खालून धुऊन काळा रंग मारला. ठोकून बघितली नाही. तीन वर्षांत तिच्यात इतकं ओतलं होतं की वाईट काही सापडावं अशी इच्छाच नव्हती. त्याच जुलैत मोरोशी सोडून माळशेज चढायला लागलो, खड्ड्यात चाक गेलं आणि काड् असा आवाज आला. गाडी डाव्या अंगाला बसली. मागच्या डाव्या पाट्याचा हँगर बोल्टांसकट, भोवतालच्या पत्र्याचा तुकडा घेऊन बाहेर आला होता. मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची मुलगी होती. वेग वीस-पंचवीसचा होता म्हणून निभावलं. पावसात मी गाडीखाली आडवा झालो, हाताला लागले ते मूठभर पापुद्रे, आणि वर इंजिन तेव्हाही एकसुरात चालू होतं. ते इंजिन पुढे दुसऱ्या कुणीतरी वापरलं.

आता तुमच्या इंजिनाचं. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाहीये: एअर फिल्टर चोंदलाय, नोझल नीट फवारत नाही किंवा पंप जास्त डिझेल सोडतोय. निळा धूर असता, ऑइल प्यायला लागली असती, तर रिंगांवर संशय घेतला असता. तुम्ही काळाच लिहिलाय आणि ऑइल कमी होतं असं कुठे लिहिलेलं नाही. ओढ कमी व्हायलाही हीच कारणं पुरतात, शिवाय क्लच घसरत असेल तर चढाला इंजिन नुसतं ओरडतं. तेव्हा आधी एअर फिल्टर, मग नोझल काढून टेस्ट बेंचवर, मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला हवेचा दाब, मोजायचं आणि आकडे कागदावर लिहून घ्यायचे. इंजिन सुरू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि भसाभस वाफ-धूर तळहातावर आला, तर हाफ इंजिनाची गोष्ट काढा. कॉम्प्रेशनचे आकडे न दाखवता कुणी १,१०,००० सांगत असेल, तर ते ऐकू नका.

डेंटिंग-पेंटिंगचे १,२५,००० मी सरळ खोडतो. गंजावर लांबी भरून वर रंग मारला की एक दिवाळी छान दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच जागी फोड येतात.

पैशांकडे येऊ. आजवरचे सहा लाख गेले, पण ते वाया गेले असं मी मुळीच म्हणणार नाही. हंपी, गुहागर, भंडारदरा झालं ना? त्यांचा मोबदला तुम्ही घेऊन चुकलात. आता पुढच्या पैशाला पुढचं काय मिळणार, एवढंच बघायचं. पासिंग फेब्रुवारी २०२९ पर्यंत, म्हणजे तीनेक वर्षं. ३,४५,००० आणि विमा, टायर, बॅटरी, सर्व्हिसिंगचे वर्षाला ४५,००० धरले तर तीन वर्षांचे ४,८०,००० होतात. दोन वर्षांत अकरा रात्री या हिशेबाने तीन वर्षांत सोळा रात्री. एका रात्रीला ३०,००० पडले, डिझेल वेगळं. वर्षाला पंचवीस रात्री बाहेर काढणार असाल, तर हाच आकडा ६,४०० वर येतो. म्हणून आज रात्री जेवताना मिस्टरांना एकच विचारा, ‘येत्या वर्षात कुठे-कुठे जायचं?’ कॅलेंडरवर तारखा लिहायला सांगा. पाच तारखा लिहितानाच पेन थांबला, तर तुम्हाला निम्मं उत्तर मिळालं. मग मुलाचं भाड्याच्या गाडीचं म्हणणं मनावर घ्या. दोन-तीन ठिकाणांहून रात्रीचे दर मागवा आणि या ३०,०००च्या शेजारी ठेवून बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात. दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरची बंदी दिल्ली परिसरातली आहे, महाराष्ट्रात तिची भीती बाळगू नका. पण २०२९मध्ये गाडी वीस वर्षांची होईल. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १०,००० रुपये केली आहे, त्यात पर्यावरण कर आणि पुन्हा तपासणी आलीच. दुसरं म्हणजे आरसी काढून सीटची संख्या बघा. तुम्ही सीट काढल्यात. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल परस्पर करता येत नाही. त्यावेळी मंजुरी घेतली होती का, विमा कंपनीला लेखी कळवलं होतं का, ते मिस्टरांना विचारा. नसेल तर अपघातानंतर क्लेमला अडचण येऊ शकते, आणि विकतानाही घेणारा हेच दाखवून भाव पाडेल.

माझं मत आता स्पष्ट सांगतो. ३,४५,०००चं काम कुठल्याही परिस्थितीत करू नका.

बीम आणि हँगर टणटणीत निघाले, तर पहिले पैसे ब्रेक, पाटे आणि बुश यांना, मग क्लच, मग नोझल-पंप. त्यानंतर फ्लोअरचे सडके तुकडे कापून नवा पत्रा, बोल्टच्या भोकांच्या कडांना प्रायमर आणि पॉलियुरेथेन सीलंट, खाली गंज खरवडून कोटिंग. आत नवा गालिचा घालू नका, उचलून वाळवता येतील अशा रबरी मॅट टाका. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर घाटात नेऊ नयेत. या सगळ्याची लक्ष्मणरेषा १,४०,०००. जितक्याला गाडी आज जातेय, त्याहून जास्त तिच्यात आता घालायचे नाहीत.

बीम मऊ निघाला, तर विकूही नका असंच मी म्हणेन. १,४०,००० देणारा कदाचित वर रंग मारून ती दुसऱ्या कुटुंबाला विकेल. जादा बॅटरी, पंखा, टाकी, ओटा काढून वेगळं विका, आणि गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळतं, नोंदणी रद्द करून घेता येते, आणि नवी गाडी घेताना करात सवलतही मागता येते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिलीत, तर गाडी तुटेल पण आरसीवर नाव मिस्टरांचंच राहील. पैसे १,४०,०००पेक्षा पुष्कळ कमी येतील, हे धरून चला.

एक काम मात्र निकालाची वाट न बघता आजच करा. मिस्टर रोज संध्याकाळी बंद गाडीत बसतात, म्हणून सांगतोय. आतला गॅस सिलिंडर काढून बाहेर ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फ्लोअरलगत साचतो, आणि रेडिओच्या किंवा पंख्याच्या बटणाची ठिणगी त्याला पुरते. बॅटरीच्या प्लसच्या वायरला वीतभर अंतरावर फ्यूज आहे का तेही बघा. नसेल तर तोवर वायर काढून ठेवा. रेडिओ सेलवरचा घ्या.

त्यांच्या त्या बसण्याला कमी लेखू नका. दोन वर्षं शनिवार-रविवार घालून माणसाने स्वतःच्या हाताने केलेली खोली आहे ती. तिच्याबद्दलचा निकाल त्यांना मुलाच्या फोनवरून किंवा माझ्या उत्तरातून कळू नये. पिटवर जाताना त्यांना बरोबर घेऊन जा. गुडघे चालत असतील तर त्यांनाच खाली उतरू द्या, पाना आणि स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात द्या, आणि तुम्ही वरून टॉर्च धरा. कुठे-कुठे भोकं पाडली ते मेकॅनिकला माहीत नाही, त्यांना माहीत आहे. सुरुवात मागच्या पलंगाच्या बोल्टांपासून करायला सांगा.